कोलशेतला तासाचा अंदाज, कोरडवाहूला ‘तुरळक ठिकाणी’



ठाण्याच्या खाडीकाठी कोलशेत नावाचे गाव आहे. नावात शेत आहे, गावात ते आता फारसे उरलेले नाही. आगरी-कोळ्यांची जुनी वस्ती; आधी भातखाचरे आणि खाडीतली मासळी, मग रसायनांचे कारखाने, आणि आता उंचच उंच इमारती. या कोलशेतचे नाव मोबाइलवर टाकले की उद्या सकाळी अकराला तिथे किती ऊन असेल, दुपारी तीनला किती, वारा खाडीकडून येईल की डोंगराकडून, हे सगळे तासातासाने हजर होते. कोलशेतच्या माणसाने छत्री घ्यावी की टोपी, याची काळजी वाहायला जगभरची यंत्रे रात्रंदिवस राबत आहेत.

आता आपल्याकडचे पत्रक घ्या. ‘विदर्भ व मराठवाड्यात तुरळक ठिकाणी उष्णतेची लाट येण्याची शक्यता.’ संपले. ही तुरळक ठिकाणे कोणती? हवामान खात्याच्या हिशेबात तुरळक म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. केंद्रांवर, गावांवर नव्हे. ज्या गावाच्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये मोजणीचे साधनच नाही, ते गाव ‘तुरळक’मध्येही नाही आणि ‘बहुतांश’मध्येही नाही. ते हिशेबातच नाही.

कापूस-ज्वारीवाल्याने कोलशेतच्या उन्हाची उठाठेव कशाला करावी, असे कोणी विचारील. दोन कारणांनी करावी. पहिले, वेचणी संपली, हरभरा निघाला की आपली पोरे पोटामागे जिकडे जातात त्यात कोलशेत रोडची बांधकामे आहेत, भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्या आहेत. तिथले ऊन आपल्याच घरातल्या पाठी भाजते. दुसरे, कोलशेतच्या त्या चकचकीत आकड्यामागे जी हातचलाखी आहे, तीच आता ‘गावागावाला अंदाज’ म्हणून आपल्या ग्रामपंचायतीच्या दारात आली आहे. ती ओळखून घेतली पाहिजे.

आकडा येतो कुठून?

मोबाइलवरचा तो आकडा कोलशेतमध्ये मोजलेला नसतो. पृथ्वीच्या नकाशावर चौकटी पाडतात. जगातल्या चांगल्या गणितांत अशी एक चौकट नऊ-बारा किलोमीटरची असते. आपल्या देशाने मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू केली, तिची चौकट सहा किलोमीटरची. ही प्रगती आहे आणि आम्ही तिचे मोल जाणतो. पण एका चौकटीत एकीकडे येऊरचा जंगलडोंगर, मध्ये काँक्रीट, पलीकडे खाडीचा चिखल असे सगळे आले की गणित त्याचा एक आकडा काढते. त्या आकड्यावर ‘कोलशेत’ अशी पाटी मोबाइलवाला लावतो. मोजमाप करणारी जुनी, भरवशाची केंद्रे मुंबईत कुलाब्याला आणि सांताक्रूझला. बाकी सारा भरणा गणिताचा.

त्या पट्ट्यातला उन्हाळा तर वाऱ्याच्या लहरीवर चालतो. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, तोच धडा. खारा वारा अकरा-बाराच्या सुमारास आत शिरला तर पारा चौतीसच्या पुढे फारसा जात नाही. देशावरून येणाऱ्या कोरड्या पूर्वेच्या वाऱ्याने त्याला दुपारी दोन-अडीचपर्यंत अडवून धरले, तर तोच पारा अडतीस-चाळीसवर जातो. दोन तासांच्या उशिराने चार-पाच अंशांचा फरक. खाडीपासून आत कल्याण-बदलापूरकडे जावे तसा खारा वारा आणखी उशिरा पोचतो आणि ऊन चढत जाते. फेब्रुवारी ते एप्रिल हे दर वर्षी थोडेफार घडते. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश नोंदले गेले होते, म्हणजे किनाऱ्यावर ऊन तापणे ही काही नव्याने लागलेली साडेसाती नाही. नवे हे आहे की ते लवकर येते: २०२५ साली फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच मुंबई-ठाण्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. थंडीच्या महिन्यात लाट!

लाट कोणाच्या मापाची?

हवामान खात्याची लाटेची व्याख्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवी. किनारपट्टीवर पारा निदान ३७ आणि मैदानी भागात निदान ४० वर गेला पाहिजे. शिवाय तो त्या तारखेच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवा. नाहीतर सरळ ४५ गाठला पाहिजे. विभागातल्या किमान दोन केंद्रांवर, लागोपाठ दोन दिवस असे झाले की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

आता हिशेब करा. मेच्या मध्यात अकोल्याची सरासरीच बेचाळीसच्या आसपास. तिथे ४४ झाले तर सरासरीपेक्षा दोनच अंश जास्त आणि ४५ ही नाही. म्हणजे लाट नाही! कोलशेतला ३८ झाले की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ‘ठाणे होरपळले’, आणि बाळापूर-तेल्हाऱ्याच्या रानात ४४ मध्ये वखर हाणणारा माणूस मात्र सरकारदरबारी ‘सर्वसाधारण उन्हाळ्यात’ आहे. सरासरीपासूनचा फरक शास्त्रज्ञाला कळतो. माणसाच्या रक्ताला सरासरी कळत नाही.

पण म्हणून कोलशेतच्या ३८ ला हसू नका. तिथे हवेत खाडीचा दमटपणा असतो. अंगाला घाम येतो, पण तो वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. विदर्भातला कोरडा ४४ आणि खाडीकाठचा दमट ३८, दोन्ही मारक; मारण्याची तऱ्हा वेगळी. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सरकारी सोहळा झाला. लाखो लोक उघड्यावर, डोक्यावर छप्पर नाही. १४ माणसे उष्माघाताने गेली. पारा अडतीसच्या आसपास होता, असे तेव्हा छापून आले. मांडव व्यासपीठावर होता. ऊन श्रोत्यांना होते.

त्यानंतर सरकार जागे झाले आणि दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत असे जाहीर केले. बैल गेला आणि झोपा केला. बरे, केला तो तरी कोणासाठी? सोहळ्याला येणाऱ्यासाठी. स्लॅबवर लोखंड बांधणारा, भट्टीवर विटा थापणारा, रोजगार हमीच्या कामावर खंती खोदणारी बाई, यांच्यासाठी बारा ते पाचचा नियम कोठे आहे? खंतीची मजुरी मापावर मिळते. उन्हामुळे हात मंदावला की माप कमी भरते, माप कमी भरले की मजुरी कापली जाते. ज्याने ऊन सोसले त्यालाच दंड.

मागच्या उन्हाळ्यात आमचे कार्यकर्ते कोलशेत रोडच्या एका बांधकामावर आपल्या भागातल्या पोरांना भेटले. इशारा पिवळा की नारिंगी हे त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक असून करणार काय? मुकादमाने हजेरी लावली तर रोज, नाही तर उपास. ठाणे महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला आहे, चांगले आहे. या कामी अहमदाबादने २०१३ मध्ये देशाला वाट दाखवली, तीही मे २०१० च्या उन्हात एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेवर जास्त माणसे दगावल्यावर. पण ज्या इशाऱ्याने मजुराची दुपारची सुट्टी पगारी होत नाही, तो इशारा म्हणजे नुसती दवंडी.

कापूस-ज्वारीला हवा असलेला अंदाज

आता आपल्या रानाकडे या. उन्हाळ्याच्या उन्हाशी कोरडवाहू शेतकऱ्याचे वैर नाही. नांगरट करून काळी जमीन मे महिन्यात तापू दिली की ढेकळांतले किडींचे कोष मरतात, हरळी-कुंद्याच्या काशा वाळतात. हे औषध फुकटचे आहे. आपले नुकसान करते ते वेळ चुकून आलेले ऊन.

रब्बी ज्वारी घ्या. मालदांडी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली, जमिनीतल्या ओलीवर पोसली, जानेवारीत दाणा भरू लागला. नेमक्या त्या वेळी ऊन लवकर चढले की ओल झपाट्याने आटते, दाणा भरण्याचे दिवस आखूड होतात आणि कणसात बारीक, सुरकुतलेले दाणे राहतात. कडबा दिसतो, पायली भरत नाही. फेब्रुवारीत मुंबई-ठाण्याला लाट आली म्हणून बातमी होते. त्याच महिन्यात सोलापूर-बीडच्या ज्वारीचे वजन घटते, त्याची बातमी होत नाही.

कापूस घ्या. पाते-बोंडे लागण्याच्या दिवसांत, पाऊस गेल्यावर ऑक्टोबरचे ऊन तापले आणि ओल नसली की पातेगळ होते. आणि सगळ्यांत मोठा घाव जूनमध्ये. मृगाचा एक सरवा येतो, वरची चार बोटे जमीन भिजते, बियाण्याच्या थैल्या फुटतात, आणि मग पंधरा दिवस पाऊस दडी मारतो. खाली ओल नाही, वर ऊन. रोप करपते. दुबार पेरणी! कृषी विद्यापीठांचा सल्ला आहे की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सल्ला सोळा आणे खरा आहे. पण आपल्या शिवारात ७५ झाला की ३५, हे सांगणार कोण? मंडळाच्या ठिकाणचे यंत्र सांगते ९०, आणि चार कोस पलीकडच्या आपल्या वावरात धूळ उडत असते.

तेव्हा आपल्याला हवा असलेला अंदाज साधा आहे. पहिल्या पावसानंतर दहा दिवस खंड पडणार का? जमिनीत ओल किती? दाणे भरताना ऊन चढणार का? खात्याकडून उन्हाळ्याआधी हंगामाचा अंदाज येतो: ‘सरासरीपेक्षा जास्त उष्ण दिवसांची शक्यता’. एप्रिलमध्ये पावसाचा येतो: ‘देशात सरासरीच्या ९६ टक्के’. देशाची सरासरी देशाच्या अर्थमंत्र्याला उपयोगी. २०१७ साली देशाचा पाऊस अंदाजाच्या जवळपास झाला, विदर्भात मात्र तूट पडली. पीक देशाच्या सरासरीवर येत नाही, बांधाच्या आतल्या पावसावर येते.

अंदाज शंभर टक्के बरोबरच हवा, असा हट्ट आम्ही धरत नाही. आम्ही शेतीशास्त्र शिकलो आहोत. वातावरणाची चाल किती अवघड आहे ते आम्हाला कळते. पावसाची नेमकी जागा सांगणे कठीण आहे, मान्य. पण उन्हाचे तसे नाही. उष्णतेची लाट ढगफुटीसारखी अचानक कोसळत नाही. हवेचा मोठा दाब बसतो, वारे फिरतात, आणि हे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी दिसते. जे आधी दिसते ते गावापर्यंत पोचत नसेल, तर तो दोष आभाळाचा नव्हे.

माणसे घरी, गणित दारी

शेतीसाठी हवामान हा विचार या देशात नवा नाही. पुण्यात १९३२ साली डॉ. एल. ए. रामदास यांच्या हाताखाली कृषी हवामानाचे काम सुरू झाले. १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानाची वार्तापत्रे येऊ लागली. अलीकडे कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान एकके उभी राहिली, देशभरात १९९. तिथला माणूस खात्याचा अंदाज घ्यायचा, जिल्ह्यातली पिके बघायचा आणि ‘या आठवड्यात फवारणी नको, पेरणी थांबवा’ असे आपल्या बोलीत सांगायचा. २०२४ च्या मार्चअखेर ही एकके बंद करण्यात आली.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राने वाजतगाजत ग्रामपंचायत पातळीवरचा हवामान अंदाज सुरू केला. पंचायतीचे नाव टाका, पाच दिवसांचा अंदाज घ्या. म्हणजे कोलशेतला जे होते तेच आता आपल्याला मिळाले: गावाचे नाव, आकडा गणिताचा. सल्ला देणारा माणूस मार्चमध्ये घरी गेला, आकडा ऑक्टोबरात दारी आला. डॉक्टर काढून टाकायचा आणि थर्मामीटरचे चित्र भिंतीवर लावायचे, त्यातला हा प्रकार.

मोजमापाचे काय? राज्यात ‘महावेध’खाली महसूल मंडळांत दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रे बसली. काहीच नव्हते त्यापेक्षा हे बरेच. पण एका मंडळात गावे कितीतरी, आणि यंत्र कोठे बसवले आहे, झाडाखाली की इमारतीच्या आडोशाला, हे बघायला कोणी जात नाही. केंद्राने २०२३ मध्ये ‘विंड्स’ योजना आणली. तिच्या कागदावर प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक आहे. तुमच्या पंचायतीत तो बसला आहे का, चालतो का, नोंद कोण घेतो? जाऊन बघा आणि पुढच्या बैठकीत सांगा.

जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यात हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. चांगल्या पावसाचे अंदाज देऊन पेरण्या करायला लावल्या, यात बियाणे-औषध कंपन्यांचे संगनमत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शहरातले शहाणे हसले. संगनमताचा आरोप सिद्ध करणे वेगळी गोष्ट. पण त्या तक्रारीतला गाभ्याचा प्रश्न कोणीही हसण्यावारी नेऊ नये: अंदाजावर विसंबून पेरले, बुडाले, तर भरपाई कोणी द्यायची?

उन्हाचा हिशेब कोणाच्या खात्यावर?

बघा, उन्हाला दाम मोजण्याची पद्धत या राज्यात आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसारख्या पिकाला अमुक दिवस अमुक अंशांवर पारा राहिला की भरपाई ठरते. मंडळातल्या यंत्राचा आकडा पुरतो. बागायतदाराला मिळते याचा आम्हाला हेवा नाही. त्यालाही त्यासाठी झगडावेच लागते. पण केळीला ऊन लागते आणि ज्वारीला लागत नाही, हे शास्त्र कोणत्या विद्यापीठात शिकवतात?

आपल्या पिकांचे उलटेच झाले. २०२३ ला एक रुपयात विमा आला, २०२५ च्या खरिपापासून तो गेला. कापसाला विमा रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत हप्ता आला. त्याच फटक्यात पेरणी न होणे, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान, ही कलमे वगळली. उरला तो फक्त पीक कापणी प्रयोग. त्यातले उंबरठा उत्पन्न मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून काढतात. ज्या मंडळात वर्षाआड दुष्काळ, तिथे उंबरठाच पायदळी. उतरायला जागाच नाही, मग भरपाई कसली?

आपत्तीच्या मदतीचेही तेच. २०२१ ते २०२६ साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने राष्ट्रीय आपत्तींची यादी वाढवण्याची गरज नाही असे म्हटले, आणि त्या यादीत उष्णतेची लाट नव्हती.

सरकारला ऊन दिसत नाही असे मात्र समजू नका. जिथे बघायचे तिथे ते बरोबर बघते. मार्च २०२२ मध्ये उत्तरेत ऊन चढले, गव्हाचा उतारा घटला. जगात गव्हाला भाव होता. घटलेल्या उताऱ्याची भरपाई भावातून झाली असती. १३ मे २०२२ ला निर्यातबंदी! २०२३ हे एल निनोचे वर्ष; जुलैत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाला बंदी, ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात कांद्याला पुरती बंदी. हवामान बिघडले की उत्पन्न बुडाल्याचा तोटा शेतकऱ्याचा, आणि भाव चढण्याची वेळ आली की हक्क ग्राहकाचा. हवामानाचा अंदाज दिल्लीच्या मंत्रालयात वेळेवर पोचतो, आपल्या शिवारात पोचत नाही.

काय करायचे?

जिल्हा बैठकीत पुढील मागण्या ठरावाने मांडाव्यात, असे आम्ही सुचवतो.

१. प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक आणि तापमापक बसवून रोजची नोंद पंचायतीच्या फळ्यावर लावावी. मोजणी आधी, अंदाज मग.

२. दिलेला अंदाज किती वेळा बरोबर आला आणि किती वेळा चुकला, याचा तालुकावार तक्ता हवामान खात्याने प्रत्येक हंगामानंतर छापावा.

३. जिल्हा कृषी हवामान एकके माणसांसह पुन्हा उभी करावीत.

४. उष्णतेचा इशारा ठरवताना दमटपणा आणि रात्रीचे ऊन धरावे. नारिंगी इशाऱ्यापासून पुढे दुपारचे उघड्यावरचे काम बंद आणि मजुरी चालू. रोजगार हमीवर, भट्टीवर आणि बांधकामावर सारखीच. उन्हाळ्यात खंतीचे माप कमी धरावे.

५. कापूस-ज्वारीच्या विम्यात पावसाचा खंड आणि अवेळी ऊन ही जोखीम धरून यंत्राच्या नोंदीवर भरपाई द्यावी.

६. हवामानाचे कारण पुढे करून शेतमालाच्या निर्यातीवर बंदी घालू नये.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर प्रत्येक गावाने तीन वस्तू कराव्यात. एक, सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्या जागी ठेवून रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा. जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस. दोन, सावलीत दोन तापमापक टांगा, एकाच्या टोकाला ओली वात गुंडाळा. ओल्या वातीचा पारा तिशीच्या जवळ गेला की जड काम थांबवा, मग बाहेरचा पारा काही का सांगेना. आपली पोरे कोलशेतला, भिवंडीला निघतील तेव्हा हे त्यांनाही शिकवून पाठवा. तीन, एक वही. तारीख, पाऊस, पारा, आणि त्या दिवशी खात्याचा अंदाज काय होता ते. खाली दोन माणसांच्या सह्या.

ही वही एक हंगाम भरली की पुढच्या बैठकीला घेऊन या. पन्नास गावांच्या पन्नास वह्या कलेक्टरच्या टेबलावर ठेवल्या की ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमके कोठे, ते आपण त्यांना सांगू.